आम्ही मैदान वाचवलं

आमच्या ह्यांचे डोळे गेले ते काचबिंदूने, हळूहळू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं धूसर व्हायला लागलं. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "अगं, कॅलेंडर काढलंस का भिंतीवरचं?" कॅलेंडर त्यांच्या नाकासमोर होतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. त्यानंतर रडायला काही सवड मिळाली नाही, कारण घरात सतत माझा हात लागायचा. न्हाणीघरात जाताना हात, रिक्षात चढताना हात, ताटात भाजी कुठे आणि आमटी कुठे ते दाखवायला हात. मालाडच्या कंपनीत जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, त्याला आता चहाचा कप कुठे ठेवलाय हे बायकोला विचारावं लागत होतं. चिडायचे फार. माझ्यावर नाही चिडायचे, पण ऐकायला मीच असायचे ना!

एकच जागा अशी होती की तिथे त्यांना माझा हात लागायचा नाही. घरासमोरचं मैदान.

आमच्याकडे चारकोपला सेक्टरमध्ये छोट्या घरांच्या ओळी आहेत, एकाला एक चिकटून. पूर्वी बैठी होती, आता जो तो वर मजले चढवतोय. चारी बाजूंना अशा ओळी आणि मधे एक मोकळी चौकोनी जागा, तिला आम्ही मैदान म्हणतो. शिवाजी पार्कवाले हसतील, पण आमच्यासाठी ते मैदानच. एका कोपऱ्यात जांभळाचं झाड, समोरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पंपाची खोली, मधे पोरांनी रेती टाकून केलेलं व्हॉलीबॉलचं कोर्ट. गाडीला आत शिरायला एकच रुंद तोंड, रस्त्याच्या बाजूने.

ह्यांना ते मैदान पायांनी पाठ होतं. पंपाची घरघर आली की वळायचं, पायाखाली रेती लागली की उजवीकडे सरकायचं, जांभळाखाली पाचोळा वाजला की घर जवळ आलं. सकाळी चहा झाला की निघायचे. पांढरी काठी दाराच्या मागे तशीच राहायची. "मागे मागे येऊ नकोस हं," असा दम मला द्यायचे. मी कशाला जाते! मी खिडकीत उभी राहून बघायचे. दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान ताठ, ऑफिसात साहेबाच्या केबिनकडे निघाल्यासारखे चालायचे. परत आले की आवाजात फरक असायचा. "आज कांदेपोहे कर," असं हुकूम सोडल्यासारखं म्हणायचे. घरात एरवी हुकूम सोडायचं त्यांनी बंद केलं होतं, म्हणून मला तो हुकूम गोड लागायचा.

आता तिच्याबद्दल सांगते. समोरच्या ओळीत राहणारी माझी मैत्रीण, आमच्या रहिवासी संघाची अध्यक्ष. आम्ही दोघी एकाच सुमाराला इथे राहायला आलो, दोघी नव्या सुना, दोघींच्या सासवा खाष्ट. माझी मुलगी तिच्या घरी जेवायची आणि तिचा मुलगा माझ्या घरी झोपायचा. एकमेकींच्या फ्रिजमध्ये हात घालायला आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. स्वभाव मात्र दोन टोकांचे. ती बोलायला साखर आणि मी तोंडाने फाटकी. संघाची कामं आम्ही तशीच करायचो. कोपऱ्यावर दारूचं दुकान यायचं होतं तेव्हा ती हात जोडून पुढे बसली आणि मी मागून बोंब ठोकली. दुकान आलं नाही. गटारांवरची झाकणं, रस्त्यावरचे दिवे, धुराची फवारणी, सगळं त्याच पद्धतीने मिळवलं. लोक म्हणायचे, ह्या दोघी आहेत तोवर आपल्याकडे कोणी वाकड्या नजरेनं बघणार नाही. आम्हाला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ह्यांचे डोळे गेल्यावर तिने काय केलं तेही सांगायला हवं. एका रविवारी तिने अख्ख्या सेक्टरला मैदानात गोळा केलं आणि दगड वेचायला लावले. खड्डे बुजवले, बाहेर आलेल्या खिळ्यांच्या फळ्या काढल्या. ती स्वतः खुरपं घेऊन उकिडवी बसली होती, गुडघे दुखत असताना. "भावोजींच्या पायाला खडा लागता कामा नये," असं सगळ्यांना बजावत होती. त्या दिवशी तिच्यासाठी मी जीव टाकला असता. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

मग डंपर यायला लागले. आजूबाजूला जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, आणि पाडलेल्या इमारतींच्या विटा, लाद्या, सिमेंटचे तुकडे, हे सगळं डेब्रिज कुठेतरी टाकायचं असतं. कुणीतरी आमचं मैदान हेरलं. दुपारी सगळी आडवी झालेली असताना डंपर आत घुसायचा, ढीग ओतायचा आणि पसार. अशाने मैदान हळूहळू भरतं, मग तिथे पत्र्याचं शेड उभं राहतं आणि मग कुणाचा तरी बोर्ड लागतो. हे आम्ही दुसऱ्या सेक्टरमध्ये होताना पाहिलं होतं.

पहिला ढीग पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीप्रमाणे निघाले. मी दूध तापवत होते, खिडकीत नव्हते. आले ते कपाळातून रक्त, नडगी सोललेली, सदऱ्याला चुना. पायरीवर बसले आणि म्हणाले, "अगं, आपलं मैदान कुठे गेलं?"

मला ते वाक्य आजही ऐकू येतं.

संघ पेटून उठला. पालिकेत तक्रार केली, तिथले साहेब लोक येऊन बघून गेले, पण डंपर काही त्यांच्यासाठी थांबून राहिला नव्हता. म्हणाले, पुढच्या वेळी अडवून ठेवा आणि कळवा. डंपर काय मांजर आहे अडवायला? तिच्या हॉलमध्ये बैठक भरली, नुसता कलकलाट. आणि मग तिलाच ती युक्ती सुचली. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते त्या तोपर्यंत बाहेर रस्त्यावर लावत असत. ती म्हणाली, "त्याच गाड्या आपण मैदानाच्या तोंडावर आडव्या लावू या. पाळीपाळीने. माणूस जाईल एवढी फट ठेवायची. बघू या डंपर कसा आत येतो!"

झकास! सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. आमच्याकडे गाडी नव्हती, म्हणून मी म्हटलं, पाळीवाल्यांना चहा-पोहे माझ्याकडून. गाड्या लागल्या. आणि एका दुपारी डंपर आलाच. हॉर्नवर हॉर्न. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला लागला. मी गाऊनवर ओढणी घेऊन तशीच धावले आणि त्याला असं काही सुनावलं की तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. मागून ती आली आणि गोड आवाजात म्हणाली, "दादा, तुमचा नंबर आम्ही टिपून घेतलाय हं." डंपर रिव्हर्स घेत गेला. आम्ही दोघी रस्त्यात एकमेकींच्या गळ्यात पडलो. पुन्हा डंपर आला नाही. पडलेला ढीग टेंपो करून उचलला आणि पहिली फेरी ह्यांनी मारावी म्हणून अख्खा सेक्टर उभा राहिला. टाळ्यांत चालताना ह्यांना लाज वाटत होती, पण खूष होते.

मला वाटलं, आता गाड्या जातील. रस्त्यावरच्या आपापल्या जागी.

गेल्या नाहीत. "राहू दे गं थोडे दिवस, भीती आहेच ना," ती म्हणाली. मलाही पटलं. मग पावसात झाडाच्या फांद्या पडतात म्हणून रस्त्यावरच्या दोन-तीन गाड्या आत आल्या. दिवाळीत पाहुण्यांच्या आल्या. पाहुणे गेले, त्यांच्या जागी शेजाऱ्यांच्या आल्या. व्हॉलीबॉलची जाळी कुणी काढली कळलंच नाही, पोरं मोबाईल घेऊन कट्ट्यावर बसायला लागली. गाड्यांवर राखाडी कव्हरं चढली. ज्या गाड्या मैदानाच्या रक्षणाला उभ्या केल्या होत्या, त्या आता तिथे राहायला आल्या होत्या.

ह्यांनी काही तक्रार केली नाही. वाट बदलली. रेती गाड्यांखाली गेली, तर ते पंपाच्या आवाजावर भागवायला लागले. मग पंपाच्या खोलीसमोरही गाडी लागली. कधी आरसा कोपराला लागायचा, कधी गुडघा बंपरला. एकदा मी खिडकीतून बघत होते. एका गाडीला त्यांचा हात लागला आणि तिचा भोंगा सुरू झाला, थांबायलाच तयार नाही. हे जागच्या जागी गोंधळून उभे राहिले आणि त्या गाडीला म्हणाले, "सॉरी, सॉरी." वरच्या गॅलरीतून एक जण ओरडला, "काका, गाडीला हात नका ना लावू यार!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाहेर जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण त्या दिवसापासून हे निघताना दाराजवळ थांबायला लागले. एक दिवस त्यांनी दारामागे हात घातला आणि काठी घेतली. मैदानात जायला काठी!

मी तिच्याकडे गेले. तिच्या मुलाने नवीकोरी गाडी घेतली होती, तेव्हा पेढे सगळ्यात आधी मीच खाल्ले होते. ती गाडी जांभळाखाली उभी असायची, बरोबर तिथे जिथे पाचोळा वाजला की ह्यांना घर जवळ आल्याचं कळायचं.

"अगं, डंपर गेले ना आता? मग गाड्या काढायला सांग की," मी म्हटलं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला काय वाटतं, मला कळत नाही? पण रस्त्यावर लावली तर टोइंगवाले उचलून नेतात गं. पोराने हौसेने घेतलीय. जरा ॲडजस्ट कर ना."

"मी करते गं ॲडजस्ट. त्यांनी कसं करायचं?"

"बघते मी काहीतरी. भावोजींचं मी बघणार नाही तर कोण बघणार?" असं म्हणून तिने माझ्या हातात मेथीची जुडी दिली, तूही निवड म्हणून. आणि मी निवडत बसले. इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्यावर विश्वास टाकला. घरी येऊन ह्यांना सांगितलंसुद्धा, "ती बघते म्हणालीय." ते म्हणाले, "मग झालं काम."

काम झालं, पण भलतंच. संघाच्या सर्वसाधारण सभेची सूचना व्हॉट्सॲपवर आली. विषय काय, तर "मैदानाच्या संरक्षणाची कायमस्वरूपी व्यवस्था". मी ह्यांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? मी येणार सभेला. दोन शब्द बोलेन." सदऱ्याला इस्त्री करायला लावली.

सभा मैदानातच होती, रविवारी सकाळी. गाड्यांच्या मधे जी काही जागा उरली होती तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी ह्यांना पुढच्या ओळीत बसवलं. ती उभी राहिली. नेहमीसारखी गोड बोलली. आपण सगळ्यांनी एकजुटीने मैदान कसं वाचवलं ते सांगितलं, माझं नावसुद्धा घेतलं. मग म्हणाली, "गाड्या उभ्या आहेत म्हणून मैदान आपल्या हातात आहे. उद्या गाड्या हलल्या की पुन्हा कुणीतरी घुसेल. तेव्हा आपण इथे पेव्हर ब्लॉक टाकू या, पट्टे आखू या, तोंडाला गेट बसवू या. प्रत्येक घराला एक जागा. मैदान कायमचं सुरक्षित."

मला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पण हे ती म्हणतेय हे डोक्यात शिरेना. मग मी ताडकन उठले. "सुरक्षित कुणापासून? पार्किंग म्हण ना सरळ! आणि फिरायचं कुठे माणसांनी?"

"फिरायला गार्डन आहे ना पलीकडे," मागून कुणीतरी म्हणालं.

पलीकडे म्हणजे दोन मोठे रस्ते ओलांडून. ती माझ्याकडे बघून हसली, समजूत घातल्यासारखी. "अगं, तुमच्याही वाट्याला एक जागा येणारच आहे. तुमच्याकडे गाडी नाही. तर भावोजींनी तुमच्या त्या जागेत फिरावं की. कुणी अडवणार नाही त्यांना."

एका गाडीची जागा. त्यात फिरावं. आणि हे ती चेष्टेत म्हणाली नाही हो, मनापासून म्हणाली! आपण केवढी सोय केली असं तिला वाटत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तेवढ्यात हे उठले. त्यांच्या तोंडाची दिशा चुकली होती, लोकांकडे पाठ आणि एका कव्हर घातलेल्या गाडीकडे तोंड. मी त्यांना वळवायला हवं होतं, पण ते बोलायला लागले होते. म्हणाले, "गाड्या कुणाच्या असू नयेत असं मी म्हणत नाही. मला फक्त कडेने एक माणूस चालेल एवढी मोकळी वाट द्या. मला दुसरीकडे कुठे एकट्याला जाता येत नाही. इथे मला कुणाचा हात धरावा लागत नाही, एवढंच." आणि बसले.

टाळ्या पडल्या. चांगल्या मोठ्या. एकदोन बायकांनी डोळ्यांना पदरही लावला. ह्यांनी माझा हात दाबला आणि पुटपुटले, "पटलंय लोकांना."

मग हात वर करायला सांगितले. आधी ठरावाच्या बाजूने. टाळ्या वाजवलेलेच हात वर गेले. पदर लावलेल्या बायकांचे गेले. समोर तिचा गेला, तिच्या मुलाचा गेला. मूग गिळून बसलेले होते त्यांचेही एकेक करून गेले. चिटणीस बोट फिरवून मोजत होता, तोंडाने काही म्हणत नव्हता. ह्यांना काय कळणार? कुठलाच आवाज नव्हता. मग विरोधात कोण, असं विचारलं आणि ह्यांनी हात वर केला. कोपर सरळ, बोटं ताठ, शाळेत पोरं करतात तसा उंच. मीही केला. मी मागे वळून पाहिलं. बाकी एकही हात नव्हता. सगळे मांडीकडे नाहीतर मोबाईलकडे बघत होते.

"बरेच आहेत का गं आपल्या बाजूने?" त्यांनी हळूच विचारलं. हात वरच होता.

त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका आशेचा होता. मी म्हटलं, "हो. बरेच आहेत."

"वहिनी?"

"हो. तीपण."

चिटणीस तिच्या कानाला लागला. तिने जाहीर केलं, "ठराव बहुमताने मंजूर." पुन्हा टाळ्या. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "थोडक्यात गेलं तर. असू दे. एवढे लोक आपल्या बाजूने होते हे काय कमी आहे?"

लोक चहाकडे वळले. मला तिथून पळायचं होतं, पण हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, मला वहिनींकडे ने. मी म्हटलं, नको, उशीर होतोय. पण ती स्वतःच आली, दोन चहाचे कप घेऊन. तिच्या आवाजावरून ह्यांनी ओळखलं आणि हात जोडले.

"वहिनी, तुमचे आभार मानायचे होते. अध्यक्ष असून, स्वतः ठराव मांडून, शेवटी हात आमच्या बाजूने वर केलात. मला हिने सांगितलं. फार मोठं मन लागतं त्याला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर भर मैदानात तिची अब्रू गेली असती. पण त्याच वाक्याने ह्यांना कळलं असतं की त्या सगळ्या गर्दीत त्यांच्या बाजूने त्यांच्या बायकोशिवाय कोणीही नव्हतं. तिला हे माझ्या डोळ्यांत दिसलं. ओळखते ना मला ती, आतून बाहेरून ओळखते. मी बोलणार नाही, हे तिच्या लक्षात आलं.

मला वाटलं, निदान खाली बघेल. काहीतरी पुटपुटेल आणि निघून जाईल.

तिने चहाचे कप एका गाडीच्या बॉनेटवर ठेवले. "भावोजी, आभार कसले? तुम्ही काय परके आहात?" ती म्हणाली, नेहमीच्याच गोड आवाजात. मग ह्यांचा हात तिने आपल्या हातात घेतला. "चला, मी सोडते घरापर्यंत. इथून वाट फार अरुंद झालीय, तुम्हाला एकट्याला नाही जमायचं."

आणि ते तिचा हात धरून, अंग चोरत, गाड्यांच्या मधून चालायला लागले.

मी त्यांची काठी घेऊन मागून गेले.